पापणीची घडी आणि सौंदर्याचे मोजमाप

१८९६ साली जपानमधील एका वैद्यकीय नियतकालिकात मिकामो नावाच्या शल्यचिकित्सकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याच्याकडे आलेल्या एका स्त्रीच्या एका डोळ्याच्या वरच्या पापणीवर निसर्गतःच घडी होती. दुसऱ्या डोळ्याची पापणी मात्र केसांच्या ओळीपर्यंत सपाट उतरत होती. एकाच चेहऱ्यावरचे दोन डोळे असे वेगवेगळे दिसत. मिकामोने सपाट पापणीतून रेशमाचे टाके घातले आणि काही दिवसांनी ते काढून घेतले. तेवढ्या अवधीत टाक्यांच्या वाटेने कातडी आतील थराला चिकटली आणि डोळा उघडताच तेथे घडी पडू लागली. पूर्व आशियात आज अत्यंत प्रचलित असलेल्या ‘दुहेरी पापणी’च्या शल्यक्रियेचा हा पहिला लिखित वृत्तांत मानला जातो.

या वृत्तांतातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. घडी किती उंचीवर पाडावी, तिचा आकार कसा असावा, हे प्रश्न मिकामोपुढेही होतेच. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्याला दूर जावे लागले नाही. ते त्या स्त्रीच्या दुसऱ्या डोळ्यावर तयार होते. माप तिचेच होते. पुढील काळात ही शल्यक्रिया लाखो लोकांवर झाली, तिच्या अनेक पद्धती निघाल्या, आणि त्याबरोबर हे माप कोणाच्या चेहऱ्यावरून घ्यावयाचे हा प्रश्न अधिकाधिक अवघड होत गेला. डोळ्याच्या प्रमाणांचा विचार करताना याच प्रश्नाचा मागोवा घेणे उपयुक्त ठरते.

घडी कशी पडते

वरची पापणी ही वरवर पाहता कातडीची साधी झडप वाटते. प्रत्यक्षात तिची रचना बरीच गुंतागुंतीची आहे. कातडीच्या खाली डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू असतो. त्याच्या मागे, पापणीच्या कडेलगत, घट्ट तंतूंची एक पट्टी असते. तिला टार्सस म्हणतात. पापणीला जो ताठपणा व बाक असतो तो या पट्टीमुळे. डोळ्याच्या खोबणीत खोलवर उगम पावणारा उत्थापक स्नायू पुढे येता येता पातळ पडद्यासारखा पसरतो आणि टार्ससला येऊन मिळतो. तो आकुंचन पावला की पापणी वर उचलली जाते.

काही डोळ्यांत या पडद्याचे बारीक तंतू टार्ससपाशी न थांबता पुढे कातडीपर्यंत पोचतात. अशा डोळ्यात पापणी उघडताना कातडी त्या ओळीवर आत ओढली जाते, वरची कातडी तिच्यावर किंचित ओघळते आणि घडी दिसते. ज्या डोळ्यात हे तंतू कातडीपर्यंत येत नाहीत किंवा फारच विरळ असतात, तेथे कातडी ओढली जात नाही आणि पापणी एकसलग राहते.

याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. खोबणीतील चरबी पुढे येऊ नये म्हणून तिच्यासमोर एक पातळ पडदा असतो. हा पडदा खाली येऊन उत्थापक स्नायूच्या पडद्याला जुळतो. हा जोड टार्ससच्या वर असला, तर चरबी वरच अडून राहते. तो खालच्या बाजूला असला, तर चरबी टार्ससच्या पुढ्यात उतरते आणि पापणी भरीव दिसते. डॉक्सानस आणि अँडरसन या शास्त्रज्ञांनी १९८४ साली पूर्व आशियाई पापणीच्या अंतर्रचनेचा अभ्यास करून हा फरक स्पष्ट केला. त्यावरून दिसून येते की, एकेरी पापणी ही व्याधी नव्हे आणि वैगुण्यही नव्हे. तीत कोणताही अवयव कमी नसतो. दोन पडद्यांच्या जोडाची जागा तेवढी निराळी असते. दृष्टीच्या दृष्टीने दोन्ही पापण्यांची योग्यता सारखीच.

चीन, जपान व कोरिया या देशांत अंदाजे निम्म्या लोकांची पापणी एकेरी असते असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. याचा अर्थ उरलेल्या निम्म्यांना घडी निसर्गानेच दिलेली असते. जपानी भाषेत एकेरी पापणीला ‘हितोए’ आणि दुहेरीला ‘फुताए’ असे शब्द आहेत. आणि जी घडी असूनही डोळा उघडल्यावर कातडीआड दडते तिच्यासाठी ‘ओकुबुताए’ असा तिसरा शब्दही आहे. भाषेने केलेले हे बारकावे शल्यचिकित्सकाच्याही उपयोगी पडतात.

पापणीच्या घडीहून निराळी अशी आणखी एक वळी आहे. ती डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यावर उभी उतरते आणि आतला लालसर भाग थोडाफार झाकते. ही वळी केवळ पूर्व आशियाची मिरास नाही. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांत ती आढळते, आणि जगभरातील पुष्कळ तान्ह्या मुलांतही ती असते. नाकाचा पूल उंच होत गेला की ती बहुधा नाहीशी होते.

प्रमाणांची परंपरा

चेहऱ्याला मापात बसविण्याची हौस फार जुनी आहे. युरोपातील कलावंतांनी प्रबोधनकाळापासून असे ठरविले होते की, आदर्श चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांइतकी असावी आणि दोन डोळ्यांमधील अंतर एका डोळ्याच्या रुंदीइतके असावे. चीनमधील चित्रकारांच्या परंपरेतही जवळजवळ हाच नियम ‘तीन खंड, पाच डोळे’ या नावाने सांगितला जातो: उंचीचे तीन समान खंड आणि रुंदीत पाच डोळे. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन परंपरांनी सारखेच माप सांगावे, हे पाहून हा नियम निसर्गाचाच आहे असा समज होणे स्वाभाविक होते.

प्रत्यक्ष मोजमाप झाले तेव्हा हा समज टिकला नाही. टोरांटो येथे लेस्ली फार्कास यांनी चेहऱ्याच्या मापनाला आयुष्य वाहिले होते. १९८५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील श्वेतवर्णीय तरुण स्त्रीपुरुषांचे चेहरे मोजून हे जुने नियम पडताळून पाहिले. ज्यांच्या पूर्वजांच्या कलेतून हे नियम निघाले होते, त्यांच्यापैकीही पुष्कळांच्या चेहऱ्यांना ते लागू पडत नव्हते. पुढे हान चिनी लोकांच्या मोजणीत असे आढळले की, त्यांच्यात दोन डोळ्यांमधील अंतर एका डोळ्याच्या रुंदीपेक्षा अधिक असणे ही नित्याची गोष्ट आहे. पाच डोळ्यांचा नियम चित्रकाराला रेखाटनाचा आरंभ करण्यासाठी सोयीचा असेल. माणसाच्या चेहऱ्याचे गुणदोष ठरविण्याचा तो निकष होऊ शकत नाही.

या संदर्भात भारतीय परंपरेचे स्मरण करणे उचित होईल. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात डोळ्याचे एकच आदर्श माप दिलेले नाही. तेथे धनुष्याच्या आकाराचा, माशाच्या पोटाच्या आकाराचा, नीलकमळाच्या पाकळीसारखा, पद्मदलासारखा असे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यांची मापे यवांत, म्हणजे जवाच्या दाण्यांत, दिली आहेत; ती सर्वांत अरुंद डोळ्याला ३ यवांपासून सर्वांत विशाल डोळ्याला १० यवांपर्यंत जातात. ध्यानस्थ योग्याचा डोळा धनुष्यासारखा, प्रेमिकांचा माशाच्या पोटासारखा, अशी त्यांची योजना भावानुसार केलेली आहे. म्हणजे ज्यांनी जवाच्या दाण्याने डोळा मोजला, त्यांनीही अरुंद डोळ्याला उणे लेखले नाही. त्याला त्याची जागा दिली.

जपानी कलेचा इतिहासही हेच सांगतो. बाराव्या शतकातील गेंजीच्या सचित्र गुंडाळ्यांत राजघराण्यातील स्त्रीपुरुषांचे डोळे एका बारीक रेषेने आणि नाक लहानशा आकड्याने दाखविलेले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उतामारोने रंगविलेल्या लावण्यवतींचे डोळेही लांबट व निमुळते आहेत. त्या काळच्या रसिकांना त्या डोळ्यांत काही उणीव भासत होती असे मानण्यास जागा नाही.

टाके आणि छेद

शल्यक्रियेच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली टाक्यांची. मिकामोची पद्धत याच जातीची होती. पापणीच्या कातडीवर सुईने अगदी बारीक छिद्रे पाडून धागा आतील थरातून फिरवितात आणि गाठ कातडीखाली दडवितात. आज हा धागा बहुधा आतच राहू देतात. जखम लहान, सूज थोडी आणि वेळही कमी. परंतु काही काळाने गाठ सैल होऊन घडी पुसट होण्याची किंवा नाहीशी होण्याची शक्यता राहते. सिंगापूरचे खू बू चाय यांनी १९६३ साली या पद्धतीवर लिहिलेल्या निबंधामुळे तिची माहिती जगभरच्या शल्यचिकित्सकांना झाली.

दुसरी पद्धत छेदाची. आखलेल्या ओळीवर कातडी कापून, आवश्यक तर स्नायूचा थोडा पट्टा व थोडी चरबी काढून, कातडीची कड उत्थापक स्नायूच्या पडद्याशी किंवा टार्ससशी जोडतात. निसर्गाने जे तंतू दिले नाहीत त्यांचे काम या जोडातून पडलेला व्रण करतो. ही घडी टिकाऊ असते. पण तिच्यात केलेली चूकही तेवढीच टिकाऊ असते. जपानमध्ये १९२० नंतरच्या दोन दशकांत दोन्ही पद्धतींचे अनेक प्रकार वर्णिले गेले, आणि १९५४ साली फिलिपीन्सचे सायोक यांनी छेदपद्धती इंग्रजी वैद्यकीय वाङ्मयात मांडली.

दुभाष्याचे डोळे

१९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले. दुसऱ्या वर्षी राल्फ मिलार्ड हा अमेरिकी प्लॅस्टिक शल्यचिकित्सक नौसैनिक दलाबरोबर तेथे गेला. दुभंगलेल्या ओठांवरील त्याच्या शल्यक्रियेने पुढे असंख्य मुलांचे चेहरे सावरले. त्याच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याच्याकडे एक कोरियन दुभाष्या आला. आपले डोळे गोल करून हवेत, अशी त्याची मागणी होती. त्याच्या अरुंद डोळ्यांमुळे अमेरिकी लोकांना त्याच्या मनाचा ठाव लागत नाही आणि म्हणून ते त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. मिलार्डने शल्यक्रिया केली आणि १९५५ साली या अनुभवावर निबंध लिहिला.

मिकामोची रुग्ण आणि हा दुभाष्या यांत जे अंतर आहे, ते त्यांच्यामधील सुमारे साठ वर्षांच्या काळापेक्षाही मोठे आहे. पहिलीला आपला एक डोळा आपल्याच दुसऱ्या डोळ्यासारखा हवा होता. दुसऱ्याला आपले डोळे आपल्याकडे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसारखे हवे होते. अविश्वास वस्तुतः पाहणाऱ्याच्या मनात होता, पण सुरी चालली ती दुभाष्याच्या पापणीवर. या गोष्टीचा दोष एकट्या मिलार्डच्या माथी मारणे योग्य होणार नाही. युद्धाने मोडलेल्या देशात परकीय सैन्याची नोकरी हे चरितार्थाचे साधन होते, आणि रुग्णाची मागणी स्पष्ट होती. तथापि त्यानंतर बराच काळ पाश्चात्त्य वैद्यकीय लेखनात या शल्यक्रियेचा उल्लेख डोळे ‘पाश्चात्त्य’ करण्याचा उपाय असाच होत राहिला.

या विचाराला पुढे दोन बाजूंनी उत्तर मिळाले. जपानमधील शल्यचिकित्सकांनी १९८० नंतरच्या दशकात मिकामोच्या लेखाकडे पुन्हा लक्ष वेधले. घडीची आवड ही परकीय सत्तेबरोबर आलेली नसून ती देशातच होती, आणि मिकामोने सुचविलेली घडीची उंची जपानी चेहऱ्याला साजेशी होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. उलट, मानववंशशास्त्रज्ञ युजिनिया कॉ यांनी १९९३ साली अमेरिकेतील आशियाई वंशाच्या स्त्रियांशी बोलून असे दाखविले की, एकेरी पापणी म्हणजे आळस, मंदपणा किंवा भावशून्यता हा समाजाचा ग्रह त्यांच्याही मनात रुजला होता, आणि वैद्यकाची भाषा त्या ग्रहाला शास्त्राचा मुलामा देत होती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. एकाच शल्यक्रियेमागे दोन निरनिराळे हेतू असू शकतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते सहसा ओळखता येत नाहीत.

मिलिमीटरचा प्रश्न

हेतू ओळखता येत नसला, तरी त्याची खूण मापात उतरते. मोठ्या माणसाच्या उघड्या डोळ्याची रुंदी साधारणतः २८ ते ३० मि.मी. आणि उंची ८ ते १० मि.मी. असते, वरची पापणी बुबुळाचा १ ते २ मि.मी. भाग झाकते. घडीची उंची डोळा मिटलेला असताना, केसांच्या ओळीपासून मोजतात. पूर्व आशियाई डोळ्यातील नैसर्गिक घडी बहुधा ६ ते ८ मि.मी. उंचीवर असते, युरोपीय स्त्रियांत ती ८ ते १० मि.मी. पर्यंत जाते. डोळा उघडल्यावर वरची कातडी घडीवर ओघळते आणि खालची पट्टी अवघी २ ते ३ मि.मी. दिसते. म्हणजे ओळ आखताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर दिसणाऱ्या भागात ती तिसऱ्या हिश्शाइतकी किंवा त्याहूनही मोठी होते.

उंचीइतकेच महत्त्व आकाराला आहे. काही घड्या नाकाकडील कोपऱ्यात वळीखाली निमुळत्या होत मिळून जातात. काही पापणीच्या कडेला समांतर धावतात. पूर्व आशियात दोन्ही प्रकार निसर्गतः आढळतात. परंतु मधोमध उंच कमान घेणारी अर्धवर्तुळाकार घडी तेथे सहसा आढळत नाही. ती पाडली की डोळा नवा न दिसता उसना दिसतो.

मग ओळ कोठे आखावी? कॅलिफोर्नियातील विल्यम चेन यांनी या शल्यक्रियेवर १९९५ साली पाठ्यग्रंथ लिहिला. त्यांची रीत साधी आणि बोधप्रद आहे. ते रुग्णाची पापणी उलटून टार्ससची मधली उंची मोजतात आणि तेच माप बाहेरच्या कातडीवर घेतात. पूर्व आशियाई डोळ्यात ही पट्टी बहुधा ६.५ ते ८.५ मि.मी. उंच असते, युरोपीय डोळ्यात ती ९ ते १०.५ मि.मी. भरते. युरोपीय डोळ्याची घडी जरा उंच असते ती तिची पट्टी उंच असते म्हणून. ते माप लहान पट्टीच्या पापणीवर लादले, तर कातडी टार्ससच्या वर चिकटते, उचलण्याच्या क्रियेत अडथळा येतो आणि घडी सुजल्यासारखी, कापल्याची खूण दाखविणारी दिसते. म्हणजे परक्याचे माप येथे केवळ सांस्कृतिक दृष्ट्या अनुचित ठरत नाही; शरीररचनेच्या दृष्टीनेही ते चुकते.

दक्ष शल्यचिकित्सक रुग्णाला आरशासमोर बसवून बारीक वाकविलेल्या तारेने पापणीवर तात्पुरती घडी पाडून दाखवितात, आणि ती कमीजास्त करून पाहतात. दोन्ही डोळ्यांची तुलना, भुवयांची उंची, आधीपासून एखादी पापणी खाली उतरलेली आहे काय, हेही पाहावे लागते. चरबी काढताना हात आखडता ठेवणे हिताचे असते. भरलेली पापणी हे तारुण्याचे लक्षण आहे, आणि चरबी फार निघाली तर डोळा खोल गेलेला व थकलेला दिसतो. आतील कोपऱ्याची वळी सोडविण्याची जोडशल्यक्रिया काही ठिकाणी केली जाते. तीत नाकाच्या बाजूला व्रण उठून दिसण्याचा धोका असतो आणि उघडलेला कोपरा पुन्हा पूर्ववत करणे कठीण असते. कमी उंचीवर पडलेली घडी वर नेता येते. पण जास्त उंचीवर पडलेली घडी खाली आणणे फार अवघड असते. कातडी जास्त काढली गेली तर डोळा पुरता मिटत नाही. क्वचित प्रसंगी डोळ्यामागे रक्त साठून दृष्टीलाही धोका पोचतो. सूज उतरून घडी मूळ जागी स्थिरावण्यास काही महिने लागतात. तोपर्यंत ती ठरविल्यापेक्षा उंच दिसते, आणि या काळात पुष्कळ रुग्ण विनाकारण हवालदिल होतात.

पाहणारा आणि पाहिला जाणारा

दक्षिण कोरियात आज ही शल्यक्रिया इतकी सामान्य झाली आहे की, नोव्हेंबरमधील विद्यापीठ प्रवेशपरीक्षा संपताच अनेक विद्यार्थी तिच्यासाठी रुग्णालयांत नाव नोंदवितात. त्यांच्यापैकी कित्येकांना पाश्चात्त्य चेहऱ्याशी काही देणेघेणे नसते. त्यांना आपल्या मैत्रिणीची, बहिणीची किंवा आवडत्या कोरियन नटीची घडी हवी असते. माप पुन्हा घराजवळ आले आहे, असे म्हणता येईल. परंतु निम्म्या लोकांची पापणी जर सर्वांचाच आदर्श ठरली, तर उरलेल्या निम्म्यांच्या वाट्याला येणारे ओझे स्वदेशी असले म्हणून हलके होत नाही.

भारतीय वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. लडाख, सिक्कीम, अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम येथील असंख्य भारतीयांचे डोळे अशाच घडणीचे आहेत, आणि महानगरांत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेल्या त्यांच्यापैकी अनेकांना त्या डोळ्यांवरून हिणविले गेले आहे. २०१४ साली दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्र शासनाने बेझबरुआ समिती नेमली आणि तिने ईशान्येकडील लोकांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाची दखल घेतली. ज्या समाजात पापणीची ठेवण परकेपणाची खूण मानली जाते, तेथे शल्यक्रिया मागणाऱ्या तरुणाला ‘हे तुझ्या आवडीनेच आहे ना?’ असे विचारणे सोपे आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर देणे त्याला सोपे नसते.

म्हणून शल्यचिकित्सकाच्या हाती सुरी येण्यापूर्वी दोन मापे घेतली जाणे आवश्यक आहे. पहिले पापणी उलटून घ्यावयाचे; ते मिलिमीटरमध्ये येते आणि त्यात सहसा चूक होत नाही. दुसरे संभाषणातून घ्यावयाचे: ही घडी कोणासाठी हवी आहे, आणि ती न मिळाल्यास काय अडते? मिकामोच्या रुग्णाकडे या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होते. ज्याच्याकडे ते आहे त्याने शल्यक्रिया करून घ्यावी की नाही, हा त्याचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे ते नाही त्याला थोडे थांबण्याचा सल्ला देणे, हेही वैद्याचेच कर्तव्य होय.